अंगठ्याने सांगितलं तेवढंच

चहामळ्याचा मॅनेजर आपल्या बिछान्यात मरून पडला होता. गळा चिरलेला, कागदपत्रांची पेटी उलथीपालथी केलेली, तिजोरी लुटलेली. काही शे रुपये गेले होते. जागा बंगालच्या उत्तर टोकाला, भूतानच्या सरहद्दीलगत, जलपैगुडी जिल्ह्यात. बोटाच्या ठशावर शिक्षा होण्याच्या जगातल्या अगदी पहिल्या खटल्यांत 1898 सालच्या या खटल्याचं नाव घेतात. त्याआधी 1892 मध्ये अर्जेंटिनात दारावरच्या रक्ताळलेल्या अंगठ्याने एका आईने केलेला आपल्याच मुलांचा खून उघडकीला आणला होता. पण तिथे ठसा समोर ठेवताच बाईने कबुली दिली आणि न्यायाधीशाचं काम सोपं झालं. जलपैगुडीचं प्रकरण इतकं सरळ नव्हतं.

मयताला शत्रूंची वाण नव्हती. मजुरांना राबवून घेण्यात तो कठोर म्हणून प्रसिद्ध होता, तेव्हा पहिला संशय त्यांच्यावर. एका बाईशी त्याचे संबंध होते, म्हणून तिच्या नातेवाइकांवर दुसरा. जवळच काबुल्यांची एक भटकी टोळी तळ देऊन गेली होती आणि तिची ख्याती काही चांगली नव्हती. एक जुना नोकर होता. मालकाने त्याला चोरीबद्दल तुरुंगात पाठवलं होतं, आणि काही आठवड्यांपूर्वी तो सुटला होता. मात्र सुटल्यावर त्याला या भागात पाहिलं असं सांगणारा एकही माणूस मिळेना. आणि शेवटी घरातलाच स्वयंपाकी, ज्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग सापडले.

घाईत असलेल्या ठाणेदाराला हा स्वयंपाकी पुरेसा होता. घरातला माणूस, अंगावर रक्त, आणखी काय हवं? स्वयंपाक्याचं म्हणणं एवढंच, की साहेबांच्या जेवणासाठी कबुतर मारलं, त्याचं रक्त उडालं. असल्या सबबी पोलिसांनी काय कमी ऐकलेल्या असतात! पण कपडे रासायनिक तपासणीला गेले आणि अहवाल स्वयंपाक्याच्या बाजूने आला.

हे कसं शक्य झालं ते सांगायला हवं. पक्ष्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लांबट असतात आणि त्यांत केंद्रक असतं. माणसाच्या आणि बहुतेक सस्तन प्राण्यांच्या पेशी गोल असतात, त्यांत केंद्रक नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक कळतो. पण माणसाचं रक्त आणि बकऱ्याचं रक्त खात्रीने वेगळं ओळखायची चाचणी जर्मनीत उलेनहुट यांनी शोधली ती 1901 मध्ये, म्हणजे या खटल्यानंतर. तोवर ‘हे रक्त माणसाचंच’ असं शपथेवर सांगणं प्रामाणिक तपासनिसाला शक्यच नव्हतं.

पेटीतल्या कागदांत एक बंगाली दिनदर्शिका निघाली. ती पुस्तकासारखी बांधलेली होती आणि तिचं वेष्टन फिकट निळ्या कागदाचं होतं. त्या निळ्यावर दोन पुसट तपकिरी डाग होते. भिंगाखाली धरल्यावर त्यातल्या एका डागात रेषा दिसल्या. कुणाच्या तरी उजव्या हाताच्या बोटाचा तो अर्धामुर्धा ठसा होता. पोलिसांनी ती दिनदर्शिका कलकत्त्याला पाठवली.

कलकत्त्याला पाठवण्यात अर्थ होता, कारण तेव्हा अशी सोय जगात फार थोड्या ठिकाणी होती. बंगालमध्ये ती उगवली त्यामागे चाळीस वर्षांचा इतिहास होता. 1858 च्या जुलैत जंगीपूरला विल्यम हर्शेल या तरुण मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला. उद्या हा गृहस्थ ‘ही सही माझी नाही’ म्हणेल या भीतीने त्याने कोनाईचा अख्खा पंजा शिक्क्याच्या शाईत बुडवून कराराच्या पाठीवर उमटवून घेतला. त्यात शास्त्र काही नव्हतं. त्याला नुसती दहशत बसवायची होती. शास्त्र नंतर आलं. हर्शेल वर्षानुवर्षं स्वतःचे आणि इतरांचे ठसे घेत राहिला आणि रेषा वयाबरोबर बदलत नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं. 1877 मध्ये हुगळीला असताना त्याने पेन्शनर, कैदी आणि दस्तनोंदणी अशा तिन्ही ठिकाणी ठसे सुरू केले. आपल्याकडच्या जुन्या खरेदीखतांवर ‘निशाणी अंगठा’ असते, तिच्यामागची चिंता कोनाईच्या वेळचीच: माणूस उद्या नाही म्हणेल.

पण ठसा घेणं आणि ठसा सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हजारो कैद्यांचे कागद गठ्ठ्यात पडले, तर आज पकडलेला माणूस त्यांतला कोणता हे कसं शोधणार? तो नाव तर खोटंच सांगणार. लंडनमध्ये गाल्टन यांनी 1892 मध्ये ठशांवर ग्रंथ लिहिला, तरी मोठ्या दप्तराला पुरेल अशी मांडणी त्यांना साधली नव्हती. ती साधली कलकत्त्यात, पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या कचेरीत. आणि ज्यांनी ती साधली त्यांत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन बंगाली फौजदार होते. हक प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेले.

मांडणी समजायला सोपी आहे. आपण लहानपणी बोटांवरचे शंख आणि चक्रं मोजतो, जवळपास तेच. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. पहिल्या जोडीतल्या बोटावर चक्र असेल तर 16 गुण, दुसऱ्या जोडीला 8, मग 4, 2 आणि 1. शंख किंवा कमान असेल तर शून्य. प्रत्येक जोडीतल्या एका बोटाचे गुण वर, दुसऱ्याचे खाली, आणि दोन्ही बेरजांत एक मिळवायचा. हातात येतो एक अपूर्णांक, 1/1 पासून 32/32 पर्यंत. बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे 1024 खण. माणसाने नाव कितीही वेळा बदललं तरी त्याचा कागद त्याच खणात जाऊन पडतो. 1897 मध्ये सरकारने नेमलेल्या समितीने ही पद्धत तपासली, पसंत केली, आणि त्याच वर्षी ती हिंदुस्थानात लागू झाली. 1900 मध्ये हेन्री यांचं पुस्तक निघालं, 1901 मध्ये स्कॉटलंड यार्डात ठसे विभाग उघडला, आणि ‘हेन्री पद्धत’ जगभर गेली. हक यांना खानबहादूर आणि बोस यांना रायबहादूर हे किताब मिळाले, पुढे बऱ्याच उशिरा प्रत्येकी पाच हजार रुपयेही. हक यांचा वाटा आपल्या कचेरीतल्या इतर कुणाहीपेक्षा मोठा होता हे खुद्द हेन्री यांनी 1926 मध्ये लिहून दिलं. पुस्तकाच्या वेष्टनावर एकच नाव होतं; त्यावरून आतलं काम कुणी केलं हे ठरवणाऱ्यांची फसगत झाली.

या 1024 खणांचा मात्र निळ्या वेष्टनावरच्या डागाला थेट उपयोग नव्हता. खण शोधायला दहाही बोटं लागतात आणि इथे होतं एकच, तेही अर्धवट. त्या एकट्या बोटावरून सगळं दप्तर धुंडाळणं त्या काळी कुणाच्याही आवाक्याबाहेरचं होतं. पण तपासात त्या जुन्या नोकराचं नाव आधीच आलेलं होतं आणि चोरीच्या शिक्षेमुळे त्याचा कागद कचेरीत होता. डाग त्याच्या उजव्या अंगठ्याशी ताडून पाहिला. रेषेला रेष जुळली. कांगाली चरण हे त्याचं नाव. शेकडो मैल दूर बीरभूम जिल्ह्यात त्याला पकडलं, कलकत्त्याला आणलं, अंगठा पुन्हा घेतला. तोही जुळला.

हा क्रम वाचकांनी लक्षात ठेवावा. वैर होतं, कारण होतं, तुरुंगातून सुटल्याची तारीख जुळत होती, माणसाचं नाव माहीत होतं. अंगठा त्यानंतर आला.

सरकारी रासायनिक तपासनिसाने तपकिरी डागांबद्दल दाखला दिला: रक्त सस्तन प्राण्याचं आहे. माणसाचं आहे असं तो म्हणाला नाही. खून झालेल्या खोलीतल्या कागदावर रक्त सापडलंय, गळा चिरलेला माणूस शेजारी पडलाय, आणि सरकारी नोकर लिहितो, ‘सस्तन’! या एका शब्दासाठी मला त्या अनाम तपासनिसाबद्दल फार आदर वाटतो. पुढचा शब्द लिहिण्याचा मोह प्रचंड असणार, आणि लिहिला असता तर त्याला कुणी जाब विचारला नसता.

खटला न्यायाधीश आणि असेसर यांच्यापुढे चालला. असेसर म्हणजे न्यायाधीशाला सल्ला द्यायला बसवलेले गावातले प्रतिष्ठित. त्यांचं मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे, पण ते नोंदवावं लागे. आरोप दोन होते, खून आणि चोरी. असेसरांनी मत दिलं: चोरी निःसंशय शाबीत झाली आहे. खुनाबद्दल मात्र दोषी ठरवणं धोक्याचं आहे, कारण खून होताना कुणी पाहिलेला नाही.

शिक्षा झाली ती चोरीची. अपिलात कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने ती कायम केली.

पहिल्यांदा हे वाचणारा बहुतेक जण चिडतो. रक्ताने भिजलेला अंगठा पेटीतल्या कागदांवर उमटतो, पेटी मयताची, अंगठा त्याच्या वैऱ्याचा, आणि शिक्षा चोरीची? गळा काय आपोआप चिरला गेला? पैजच लावायची असती तर मीही कांगाली चरणवरच लावली असती. ‘कुणी पाहिलं नाही’ हे असेसरांचं कारणही आजच्या वकिलाला कच्चं वाटेल, कारण परिस्थितीजन्य पुराव्यावर खून शाबीत होऊ शकतो आणि नेहमी होतो. कदाचित ते नुसतेच बिचकले असतील. जिल्ह्याच्या गावातल्या माणसांपुढे कलकत्त्याहून एक कागद येतो आणि त्या कागदावरून कुणाला फासावर द्यायचं का हे त्यांना विचारलं जातं. ही विद्या त्यांनी त्याआधी नावानेही ऐकली नसेल.

तरी त्यांनी केलं ते बारकाईने पाहावं. ठशावर त्यांचा विश्वास नव्हता असं कुणाला म्हणता येणार नाही. विश्वास नसता तर त्यांनी चोरीतूनही त्याला सोडलं असतं, कारण चोरी तरी कुणी पाहिली होती? या नव्या विद्येवर त्यांनी पूर्ण भरवसा टाकला आणि मग विचारलं, ती नेमकं काय म्हणते? ती म्हणते, हा अंगठा रक्त ओलं असताना या पेटीत फिरला. सुरी कुणाच्या हातात होती याबद्दल ती काहीच म्हणत नाही. तो एकटा होता की सोबत कुणी होतं याबद्दलही नाही. रिकाम्या जागा असेसरांना दिसत होत्या आणि त्या आपल्या अंदाजाने भरायला त्यांनी नकार दिला.

आणि हेन्री? आपली पद्धत इंग्लंडला पटवून देण्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी हा खटला घातला. निकालाचा अडचणीचा भाग गाळून ‘अंगठ्याने खुनी पकडला’ एवढंच लिहिणं सोपं होतं. त्यांनी असेसरांची शंका जशीच्या तशी छापली. रक्ताळलेला अंगठा खऱ्या खुन्याचा किंवा त्याच्या एखाद्या साथीदाराचा असावा, असंच त्यांनी लिहिलं.

इकडे हिंदुस्थानात 1899 च्या 5 व्या कायद्याने पुरावा कायद्याच्या 45 व्या कलमात बोटांचे ठसे आले आणि ठसेतज्ज्ञाचं मत कोर्टाला ग्राह्य झालं. 1905 मध्ये लंडनमध्ये डेप्टफर्डला रंगाच्या दुकानातल्या एका म्हाताऱ्या जोडप्याचा खून झाला आणि गल्ल्याच्या पेटीत एक अंगठा सापडला. न्यायाधीशाने ज्यूरीला बजावलं, की केवळ या ठशावर विसंबू नका. पण इतर पुरावाही होता, आणि आरोपी असलेले स्ट्रॅटन बंधू दोघंही फाशी गेले. गंमत अशी, की ठशांनी गुन्हेगार शोधता येतील हे 1880 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून मांडणारे डॉक्टर हेन्री फॉल्ड्स या खटल्यात बचावपक्षाच्या बाजूला होते. एकाच बोटावर माणसाचा जीव घेऊ नये, हा त्यांचा हेका. लोकांना तो श्रेय न मिळालेल्या माणसाचा कडवटपणा वाटला. कडवटपणा होताच. पण मुद्दाही होता.

नंतरच्या शतकात हा मुद्दा हळूहळू विरत गेला. ठसे खरोखरच इतके उपयोगी ठरले, की त्यांच्याबद्दल शंका काढणं अडाणीपणाचं वाटू लागलं. ‘ठसा खोटं बोलत नाही’ हे वाक्य पोलीस ठाण्यापासून रहस्यकथांपर्यंत सगळीकडे पोचलं. ते खरंही आहे. ठसा बोलतच नाही, बोलतो तो त्याच्याकडे बघणारा माणूस.

11 मार्च 2004 ला माद्रिदमध्ये लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. जवळपास दोनशे माणसं गेली. रेल्वे स्थानकाजवळ उभ्या असलेल्या एका व्हॅनमध्ये निळी प्लॅस्टिकची पिशवी सापडली, तिच्यात डिटोनेटर होते आणि पिशवीवर एक ठसा. स्पेनने त्याची प्रतिमा जगभर पाठवली. अमेरिकेत एफबीआयच्या संगणकाने कोट्यवधी बोटांच्या साठ्यातून सर्वांत जवळची वीस नावं काढून दिली. चौथ्या क्रमांकावर होता ओरेगॉन राज्यातला एक वकील. पूर्वी लष्करात असल्याने त्याचे ठसे साठ्यात होते. एका तज्ज्ञाने ठसा जुळल्याचं सांगितलं, दुसऱ्याने दुजोरा दिला, तिसऱ्याने दोघांना.

इथे जलपैगुडीचा क्रम उलटला होता. आधी बोट, मग माणूस, मग कारण शोधायचं. आणि एक गोष्ट सहज निसटते: साठा जितका मोठा, तितकी त्यात हुबेहूब भासणारी परकी बोटं सापडण्याची शक्यता जास्त. शंभर माणसांत पुसट ठशासारखं दुसरं बोट मिळणार नाही. कोट्यवधींत सर्वांत जवळचं शोधून आणायचं हेच यंत्राचं काम आहे. आज आपल्याकडेही ठसे शोधणाऱ्या अशा संगणकप्रणाली आहेत, महाराष्ट्र पोलिसांची ‘अ‍ॅम्बिस’ आणि केंद्राची ‘नॅफिस’, आणि त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. पण यंत्र यादी देतं. यादीतल्या नावापुढे बरोबरची खूण माणूस करतो.

ओरेगॉनच्या वकिलाने इस्लाम स्वीकारला होता, आणि दहशतवादाच्या खटल्यातल्या एका आरोपीचं वकीलपत्र मुलाच्या ताब्याच्या दाव्यात घेतलं होतं. आता सगळं जुळायला लागलं. त्याच्या परदेशप्रवासाची नोंद सापडेना. तेव्हा तो गेलाच नसेल असा साधा निष्कर्ष कुणी काढला नाही. खोट्या नावाने गेला असावा असं अटकेच्या अर्जात लिहिलं गेलं. स्पॅनिश पोलिसांनी 13 एप्रिललाच कळवलं होतं, की आमच्या मते हा ठसा जुळत नाही. यावर एफबीआयचा माणूस माद्रिदला गेला, तो त्यांना पटवून द्यायला. 6 मे रोजी वकिलाला पकडलं.

बचावपक्षाच्या संमतीने कोर्टाने एक स्वतंत्र, नामांकित ठसेतज्ज्ञ नेमला. 19 मे च्या सकाळी त्याची साक्ष झाली. ठसा याच माणसाचा आहे, तो म्हणाला. आता चार झाले. त्याच दिवशी स्पेनहून निरोप आला: पिशवीवरचं बोट ऊनान दाऊद नावाच्या अल्जीरियन माणसाचं आहे.

दुसऱ्या दिवशी वकील घरी गेला. 24 मे ला एफबीआयने माफी मागितली आणि 2006 मध्ये सरकारने वीस लाख डॉलर देऊन दावा मिटवला. न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी त्याच वर्षी काढलेला चौकशी अहवाल मोठा आहे, पण त्यातली एक गोष्ट कुणालाही कळावी अशी आहे. दोन्ही ठशांत खरोखरच विलक्षण साम्य होतं. ते एकदा पाहिल्यावर तज्ज्ञ वकिलाच्या स्वच्छ ठशातल्या खुणा पाहून त्या पुसट डागात शोधू लागले, आणि शोधल्यावर त्या सापडतही गेल्या. जिथे मेळ बसत नव्हता तिथे त्यांनी कारणं दिली: बोट दाबलं गेलं असेल, एका ठशावर दुसरा पडला असेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या तज्ज्ञाला पहिल्याचं उत्तर आधीच माहीत होतं.

2018 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने आपल्या ठसेतज्ज्ञांच्या साक्षीसाठी भाषेचे नियम लागू केले. या पद्धतीत चूक शक्यच नाही असं शपथेवर म्हणायचं नाही. जगातल्या बाकीच्या सर्वांना वगळून हा ठसा याचाच, असंही म्हणायचं नाही. दोन ठशांत काय दिसलं आणि त्यावरून आपलं मत काय झालं, इतकं सांगून साक्षीदाराने थांबायचं.